अंगणातील डंख मारणाऱ्या लाल मुंग्यांसाठी आमिष कसे लावावे

लाल मुंग्यांचे वारूळ दिसले की त्यावर पावडर भुरभुरण्याचा मोह होतो. पण त्याने वर फिरणाऱ्या कामकरी मुंग्या तेवढ्या मरतात, खोल बसलेली राणी अंडी घालतच राहते. तिच्यापर्यंत विष पोहोचायचे तर कामकऱ्यांनी ते अन्न समजून आत नेले पाहिजे आणि वाटेत मरता कामा नये, म्हणून विष मंदच हवे.

डंख मारणारी ही लाल मुंगी म्हणजे सोलेनॉप्सिस जेमिनाटा (तिचे शास्त्रीय नाव), मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकाच वारुळात लहानमोठ्या मुंग्या, मोठ्यांची डोकी बेढब रुंद, आणि माती उकरताच झुंडीने चढून डंख मारणे, ही तिची खूण.

प्रथम आवड पाहावी. एका कागदावर तेलात कालवलेला शेंगदाण्याचा कूट आणि दुसऱ्यावर साखरेचे पाणी ठेवून तासाभराने गर्दी कुठे आहे ते बघावे. कूट आवडला तर तयार दाणेदार आमिष आणून वेष्टनावरच्या सूचनांप्रमाणे वापरावे. गोड आवडले तर 100 मिली कोमट पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवावे. विष वाढवले तर काम लवकर होईल असे वाटते. प्रत्यक्षात मुंग्या आमिष टाळतात किंवा घरी पोहोचण्याआधीच मरतात.

या पाण्यात भिजवलेला कापूस बाजूला भोके पाडलेल्या, झाकणाच्या डबीत ठेवावा. शेवेच्या रिकाम्या डब्या चालतात, मात्र त्यांवर ‘विष’ असे लिहावे, त्या मुलांच्या व कुत्र्यामांजरांच्या हाती लागू देऊ नयेत आणि पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. डबी वारुळावर नव्हे, तर हातभर अंतरावर मुंग्यांच्या वाटेत ठेवावी, आणि आसपास कोणताही फवारा मारू नये.

इंदुरात मे महिन्यातल्या दुपारी जमीन इतकी तापते की मुंग्या बाहेर पडत नाहीत, त्यामुळे आमिष संध्याकाळी लावावे आणि जूनच्या मध्यावर पाऊस येण्याआधी काम उरकावे. पावसाने आमिष वाहून जाते, शिवाय पावसानंतर पंखवाल्या राण्या उडून नवी वारुळे थाटतात. उन्हाळ्यात साखरेचे पाणी आंबते, म्हणून दोन-तीन दिवसांनी कापूस बदलावा.

तीन-चार आठवड्यांनी बूट घालून लांब काठीने वारूळ हलकेच टोचावे. मुंग्या उसळल्या तर आमिष चालू ठेवावे. झाडांपासून दूर असलेल्या वारुळात सुमारे 10 लिटर उकळते पाणी ओतता येते, पण राणी खोल असल्यास ती वाचते. डंखानंतर ओठ सुजले किंवा श्वास अडकू लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.