एकट्यानं फणसाडला: आधी तिथी बघा, मग खोली

शनिवार-रविवार एकट्यानं गाडी काढायची, अलिबागचा कुलाबा किल्ला बघायचा आणि फणसाड अभयारण्य गाठायचं, ही तशी सोपी सहल. विचका होतो तो एकाच कारणानं: लोक आधी खोली बुक करतात आणि भरती-ओहोटीची चौकशी किनाऱ्यावर उभं राहून करतात.

गाडीतली हवा आणि कागदपत्रं यावर मी बोलत बसत नाही. नोव्हेंबर ते मे यातला शनिवार-रविवार निवडा. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरावी, गाडीसकट साधारण तासाभरात पलीकडे. पुणेकरांना खोपोली-पेण.

आता तिथी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, आणि 'सकाळी जा, पाणी नसतं' असं छातीठोक सांगणारा माणूस प्रत्येक टपरीवर भेटतो. त्याचं ऐकू नका. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. त्यामुळे आपल्याकडचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणनं गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघून खात्री करा. पण महिनाभर आधी शनिवार ठरवायला कालनिर्णय पुरतं.

नुसती वेळ जुळून भागत नाही, इथेच मीही बरेच दिवस घोळ घालत होतो. अष्टमीला ओहोटी भरदुपारी बाराला येते, कागदावर सोयीची दिसते. पण तेव्हा भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीचे, दिवस असतात, पाणी पुरतं हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांब जातं, पण ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. संध्याकाळची तर विसराच, परत येईपर्यंत अंधार. माझ्या मते द्वितीया ते चतुर्थी उत्तम: उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या आसपास पडते.

आणखी एक. कोष्टकातली ओहोटीची वेळ ही किल्ल्याकडे निघायची नाही, किल्ल्यातून परत फिरायची वेळ समजा. तासभर आधी, पाणी उतरत असतानाच निघा. वाळू सपाट नसते. पाणी वळलं की सखल चर आधी भरतात आणि मधला उंचवटा कोरडा दिसत राहतो. सोबत कोणी नसताना 'अजून दहा मिनिटं' हा मोह धोक्याचा. पायात पट्ट्याच्या घट्ट सँडल घाला. खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि साधी चप्पल चिखलात रुतून बसते. पोटरीभर पाण्यातून जायला घोडागाड्या असतात, त्यात कमीपणा मानू नका. आत गणपतीचं दर्शन घ्या, गोड्या पाण्याची विहीर बघा.

गाडी मात्र कुठल्याही किनाऱ्यावर वाळूत उतरवायची नाही. रुतलेली गाडी आणि चढती भरती यात कोण जिंकतं हे सांगायला नको.

पुढे रेवदंडा, साळावचा पूल, काशीद. पेट्रोल अलिबागलाच भरा. काशीदला एकट्यानं पोहायला उतरू नका. मुक्काम घरगुती ठिकाणी करा, मासे आदल्या दिवशी फोन करून सांगा, आणि रविवारी पहाटे कुठे जाणार ते घरमालकांच्या कानावर घाला.

फणसाडचं जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. सुपेगावच्या गेटवर उजाडता पोचा, गावातला वाटाड्या घ्या. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात. वाटाड्या नेईल त्या गाणीपाशी अर्धा तास गप्प बसा. बिबट्याची आशा धरू नका, शेकरूची धरा. त्यासाठी पायवाटेकडे नाही, शेंड्यांकडे बघायचं: फांदीच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं. मग खालीच थांबा. तांबूस झुपकेदार शेपूट लोंबताना दिसेल, नाहीतर डोक्यावर टरफलं पडतील.

दहानंतर जंगल सुस्तावतं. तेव्हाच निघा, जेवण उरकून बारा-एकला अलिबाग सोडा. संध्याकाळी वडखळला सगळी मुंबई एकदम परतत असते.