दुधाची जागा रिकामी ठेवू नका: मराठी स्वयंपाकघरातला व्हीगन आहार

ज्वारीची भाकरी, पिठले, मटकीची उसळ, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, कोकणातली सोलकढी हे सगळे पदार्थ मुळातच व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेले, आहेत. म्हणून मराठी माणसाला हा आहार स्वीकारताना परक्या पदार्थांच्या मागे लागावे लागत नाही. मांस, मासे, अंडी आणि मध यांच्यासोबत दूध, दही, ताक, लोणी, तूप व पनीर बंद करायचे, एवढेच करायचे असते. मात्र दूध बंद केल्यावर त्याची जागा तशीच रिकामी ठेवली, तर काही वर्षांनी शरीर त्याची तक्रार करते. या आहारात खरी काळजी घ्यायची ती इथेच.

सर्वात आधी बी-१२ या जीवनसत्त्वाची सोय करावी, कारण ते धान्य, डाळी, भाज्या किंवा फळे यांतून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या वनस्पतीच्या भुकटीमध्ये ते असते असे पुष्कळदा सांगितले जाते, पण त्यातले बहुतांश रूप मानवी शरीराच्या उपयोगाचे नसते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. त्यातच डाळी आणि पालेभाज्यांतून फोलेट हे दुसरे बी-जीवनसत्त्व भरपूर मिळत असल्याने रक्तक्षयाची खूण झाकली जाते आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात तेव्हा मज्जातंतूंना इजा सुरू झालेली असते. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आहार बदलण्यापूर्वी आणि नंतर दरवर्षी रक्ततपासणी करावी. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले, असू शकते, हेही पाहून घ्यावे. गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय हा बदल करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दह्याची आठवण मात्र सर्वात जास्त येते, आणि शेंगदाण्याचे दही त्यावर चांगला उपाय आहे. एक वाटी शेंगदाणे सात-आठ तास भिजवावेत, साले काढून तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटावेत आणि फडक्यातून पिळून दूध काढावे. हे दूध बुडाला पटकन लागते, म्हणून उकळी येईपर्यंत सतत ढवळावे. बोट सहन करील इतके कोमट झाले की त्यात देठांसकट चार-पाच हिरव्या मिरच्या बुडवून भांडे उबदार जागी आठ ते दहा तास ठेवावे. पहिले दही पातळ लागते आणि त्याला शेंगदाण्याचा वास येतो. तेच विरजण म्हणून वापरले की दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते घट्ट होते. काकडीच्या कोशिंबिरीवर जिरे-हिंगाची फोडणी पडली की तो वासही उरत नाही.

पण हे दही चवीची भरपाई करते, कॅल्शियमची नाही, हे विसरता कामा नये. प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते, म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील रोजची करावी. तीळ न सोललेले घ्यावेत, कारण कॅल्शियम मुख्यतः सालीत असते. शेवग्याचा पाला आणि मेथी उत्तम. पालकातले कॅल्शियम मात्र त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे फारसे अंगी लागत नाही. सोयादूध विकत घेताना त्यात वरून कॅल्शियम घातलेले आहे ना, हे वेष्टनावर वाचावे.

प्रथिनांची चिंता लोक उगाच फार करतात. साठ किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि दिवसभरात ६० ग्रॅम डाळ-कडधान्य, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, मूठभर शेंगदाणे आणि २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ पोटात गेले की तेवढी मिळतात. लोहासाठी कडधान्यांना मोड आणावेत, उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा घेऊ नये. ओमेगा-३ या आवश्यक मेदाम्लासाठी जवसाची चटणी करावी; अख्खे जवस न पचता बाहेर पडतात, तेव्हा कुटूनच खावेत. मीठ आयोडीनयुक्तच ठेवावे, सैंधवावर विसंबू नये.

बाजारात हिरव्या ठिपक्यावर थांबू नये, कारण त्या खुणेच्या पदार्थात दूध चालते. बिस्किटे, पाव आणि मसाल्याच्या पाकिटांवर मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन ही दुधाच्या घटकांची नावे शोधावीत.

सगळे एकाच दिवशी सोडण्यापेक्षा आधी चहा बदलावा. सोयादूध उकळत्या, आले घातलेल्या चहात फाटते, म्हणून चहा गाळून थोडा निववावा आणि मग गरम केलेले दूध त्यात ओतावे. त्यानंतर तूप, शेवटी दही. पुरणपोळीवर तुपाऐवजी नारळाचे घट्ट दूध घ्यावे. नातेवाइकांकडे जेवायला जाताना आदल्या दिवशीच फोन करून सांगावे आणि पंगतीत वरणभातावर तुपाची धार पडण्याआधीच वाढणाऱ्याला नम्रपणे थांबवावे. वाढलेले ताट परत करण्याची वेळ त्या घरच्या माउलीवर आणू नये.