वाड्यावरचे पथदिवे एलईडी करायचेत? आधी लोकांना रात्री बाहेर काढा

गोव्यातल्या गावात पंचायतीच्या फलकावर कागद डकवायचा, ग्रामसभेत ठराव वाचायचा, कुणी काही बोललं नाही की दिवे बदलायचे. याला लोकसहभाग म्हणतात. महिन्याभरात तीच गप्प बसलेली माणसं पंचाच्या दारात येतात, ‘पहिलेच दिवे बरे होते’ म्हणत.

वीज वाचते हे पटवण्यात वेळ घालवू नका, ते सगळ्यांना पटलेलंच असतं. १५० वॅटचा सोडियम दिवा चोक धरून १७० वॅटच्या आसपास खातो, गल्लीबोळात त्याच्या जागी ६०-७० वॅटचा एलईडी पुरतो. रात्रीचे ११ तास धरले तर एका खांबामागे वर्षाला सुमारे ४०० युनिट वाचतात. एवढं सांगा आणि पुढे चला.

खांबांची यादी करा. क्रमांक, दिवा चालू की बंद, माडाचं झावळ किंवा फणसाची फांदी आड येते का. वाड्यावरची पोरं एका संध्याकाळी करतात.

वीज खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा. खांबावर काम लाइनमननेच करायचं, हौशी इलेक्ट्रिशियनने नव्हे. नमुन्याचे दोन-चार दिवे आधी लावून मागा, आणि एकाच प्रकारचे नकोत.

नमुना दिवे आणि रात्रीची फेरी. सगळं इथेच अडतं, आणि मलाही सर्वांत जास्त घाम इथेच फुटला आहे.

शेजारशेजारच्या खांबांवर एक ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढराफटक आणि एक ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा. पहिल्या रात्री मत विचारलंत तर पांढराच जिंकणार, कारण नवा पांढरा उजेड डोळ्यांत भरतो. म्हणून पहिल्या रात्री विचारायचंच नाही. पंधरा दिवस जळू द्या. तोवर त्या खांबासमोर राहणाऱ्यांची झोपमोड झालेली असते, पांढऱ्याभोवती किड्यांचे थवेही दिसलेले असतात. माझं मत विचाराल तर घरांच्या रांगेत ३००० च्या वर जाऊच नका.

मग अमावस्येच्या आसपासची रात्र धरून साडेआठला सगळ्यांना घेऊन चाला. पौर्णिमेला फेरी काढणाऱ्यांना काय म्हणावं! दिव्याखाली उभं राहून ‘वा, काय लख्ख’ म्हणण्यात अर्थ नाही. दोन खांबांच्या बरोबर मध्ये थांबा आणि दहा पावलांवरच्या माणसाचा चेहरा ओळखता येतो का ते पाहा. शेवटच्या कदंब बसने उतरणाऱ्या बायकांना आणि पहाटे सायकलवरून येणाऱ्या पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, मुद्दाम विचारा. त्या वेळचा रस्ता तेच जाणतात.

खरी तक्रार मात्र रस्त्याची नसतेच. जुन्या दिव्याचा उजेड चारी बाजूंना सांडायचा, आणि लोकांनी तो आपल्या अंगणाचा म्हणून धरलेला असतो. एलईडी रस्त्यापुरताच खाली पडतो. आमच्याकडे एक आजी फेरीत मधेच थांबली आणि म्हणाली, ‘रस्ता दिसला रे बाबा, पण माझ्या तुळशीकडे काळोख झाला.’ तिच्यामागून चार घरांनी तेच सांगितलं. हे दिवे बसल्यावर कळलं तर भांडण होतं, आधी कळलं तर तोडगा निघतो: कुठे ब्रॅकेट सरकवायचं, कुठे घरच्यांनी स्वतःचा ७ वॅटचा बल्ब लावायचा. कुणाच्या अंगणातला उजेड जाणार ते त्याच्या तोंडावर सांगा. ‘उजेड वाढणार’ असं सरसकट आश्वासन देणारा पंच पुढे तोंड लपवत फिरतो.

ब्रॅकेटचा कोनही याच फेरीत बघा. जुने ब्रॅकेट वर उचललेले असतात. त्यावर एलईडी तसाच ठोकला तर झोत समोरच्या खिडकीत आणि दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत जातो. दिव्याचं तोंड जमिनीला समांतरच हवं.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागकडच्या लोकांनी किनाऱ्यावरूनही एक चक्कर मारावी. वाळूतून दिव्याचा उजेड दिसत असेल तर तो झाका. कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्र सोडून रस्त्याकडे निघतात.

ग्रामसभेत ठराव. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांतली सभा धरा. फेरीत आलेल्यांनाच बोलू द्या, तुम्ही मागे बसा. ठरावात वॅट, केल्विन, विजेच्या लोटापासूनचं (सर्ज) संरक्षण आणि हमीची वर्षं लिहून घ्या. ‘चांगल्या प्रतीचे दिवे’ हे शब्द खोडून टाका.

बसवताना त्या त्या गल्लीतलं एक माणूस यादी घेऊन खाली उभं राहू दे. काढलेल्या सोडियम दिव्यांत पारा असतो. मोजून ताब्यात द्या, व्हाळात (ओढ्यात) जाऊ देऊ नका.

नंतर प्रत्येक घरात खांबाचा क्रमांक आणि १९१२ लिहिलेली चिठ्ठी द्या. ‘देवळाकडचा दिवा गेला’ या तक्रारीवर लाइनमन देवळाला प्रदक्षिणा घालून परत जातो. मृगाच्या पहिल्या गडगडाटानंतर यादी घेऊन पुन्हा एकदा फिरा. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा दिव्यातला भाग, जळतात ते तेव्हाच, आणि हमीत बदलून मागायचे तेही तेव्हाच.