नवा जन्म: सुरुवात कुठून करावी

येशूवर विश्वास ठेवून ख्रिस्ती जीवन सुरू करणं म्हणजे नवा जन्म. तो समजायला आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला 3रा अध्याय सावकाश वाचा. म्हाताऱ्या माणसानं पुन्हा आईच्या पोटात जायचं का, हा येशूला भेटायला आलेल्या निकदेमाचा प्रश्न आपलाही असतो. मग बायबलमधलंच इफिसकरांस पत्र 2:8-9 वाचा: तारण कृपेनं, विश्वासाद्वारे, कर्मांनी नाही. बहुतेकजण इथंच अडखळतात. नवस-उपासाची सवय जुनी, त्यामुळं प्रार्थनेचाही हिशेब मांडतात नि खचतात. रोमकरांस पत्र 10:9 प्रमाणे 'येशू प्रभू आहे' ही कबुली आपल्या बोलीतच द्या. पाठ केलेले शब्द लागत नाहीत.

बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्यानं होणाऱ्या ख्रिस्ती दीक्षाविधीची, घाई नको. जालन्यासारख्या ठिकाणी जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. पाळकांकडे आधी शिकवणी घ्या. अनुसूचित जातीतल्यांनी 1950चा अनुसूचित जाती आदेशही समजून घ्यावा: ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. हे कुणी आधी सांगत नाही, सांगायला हवं.