वेगमर्यादेच्या पट्ट्यात ॲम्ब्युलन्सला साईड कशी द्यावी

डाव्या हाताला शाळा, ३० ची पाटी, पुढे झेब्रा क्रॉसिंग, त्यापुढे स्पीड ब्रेकर आणि मागून सायरन. अशा वेळी बऱ्याच चालकांचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. पटकन पुढे निघू, मोकळी जागा आली की साईड देऊ, असा विचार असतो. हेतू चांगला, पण हिशेब उलटा पडतो.

समजा, ॲम्ब्युलन्स तुमच्या १०० मीटर मागे आहे आणि ताशी ६० किमीने येते आहे. तुम्ही ३० वर राहिलात तर ती १२ सेकंदांत तुमच्यापाशी पोहोचते आणि तेवढ्यात तुम्ही १०० मीटर पुढे गेलेले असता. म्हणजे बाजूला होण्याची जागा शोधायला तुम्हाला १०० मीटर रस्ता मिळतो. हे पुरते. आता तुम्ही घाबरून ५० वर गेलात, तर तिला तुम्हाला गाठायला ३६ सेकंद लागतात आणि तोवर तुम्ही दोघे जवळपास अर्धा किलोमीटर पुढे गेलेले असता, तेही शाळेच्या दारातून. शिवाय कोरड्या रस्त्यावर, एका सेकंदाची प्रतिक्रिया धरून, ३० वरून गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० वरून २८ मीटर लागतात. मधे मूल आले तर हा १५ मीटरचा फरकच सगळे ठरवतो.

तेव्हा पहिला नियम असा: सायरन ऐकून वेग वाढवायचा नाही. साईड द्यायची ती वेग कमी करूनच.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आले. अग्निशमन दलाची गाडी, ॲम्ब्युलन्स किंवा राज्य सरकारने ठरवलेले इतर आपत्कालीन वाहन येत असताना रस्त्याच्या कडेला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार अग्रक्रम आधी बंबाला, मग ॲम्ब्युलन्सला, मग पोलिसांच्या गाडीला आहे. खरी तातडी असेल आणि सायरन किंवा छतावरचे दिवे चालू असतील, तर या गाड्यांचे चालक काळजी घेऊन लाल सिग्नल ओलांडू शकतात, वेगमर्यादा ओलांडू शकतात, एकेरी रस्त्यावर उलटेही येऊ शकतात.

ही सवलत फक्त त्यांची. ॲम्ब्युलन्सच्या पुढे धावणाऱ्या कारला किंवा मागे चिकटलेल्या बाईकला ती लागू होत नाही. हलक्या वाहनाने वेगमर्यादा ओलांडली तर कलम १८३ खाली १,००० ते २,००० रुपये दंड आहे आणि ‘ॲम्ब्युलन्सला जागा देत होतो’ हे कॅमेऱ्याला कळत नाही.

पायरी १: गाडी कुठून येते ते ठरवा

गाणी बंद करा, काच चार बोटे खाली घ्या. मग क्रमाने पाहा: मधला आरसा, उजवा आरसा, समोरचा रस्ता, पुढचा चौक. दोन्ही बाजूंना उंच इमारती असतील तर आवाज भिंतींवर आपटून फसवतो. मागून वाटलेला सायरन आडव्या गल्लीतून निघतो. म्हणून दिवे दिसेपर्यंत चौकात शिरू नका, सिग्नल हिरवा असला तरी. अधूनमधून सायरन मोठ्या गाडीचा नसून दुचाकी ॲम्ब्युलन्सचा असतो, तेव्हा आरशात फक्त उंच गाडी शोधत बसू नका.

ब्रेक मात्र तिथल्या तिथे दाबायचा नाही. मागचा रिक्षावाला सायरनकडे पाहत असतो, तुमच्याकडे नाही.

पायरी २: जागा हेरा, मग इंडिकेटर द्या

पुढच्या ५० ते १०० मीटरमध्ये डावीकडे कुठे शिरता येईल ते पाहा. बसथांब्याची खोबण, सोसायटीचे फाटक, पेट्रोल पंपाचा प्रवेश, दोन उभ्या गाड्यांमधली फट, काहीही चालेल. ठरले की डावा इंडिकेटर लगेच चालू करा.

इथे एक सवय मोडायला हवी. पुष्कळ जण चारही इंडिकेटर लावतात. त्याने ॲम्ब्युलन्सच्या चालकाला तुम्ही काहीतरी करणार एवढेच कळते, कुठे जाणार ते कळत नाही. त्याला तुमच्या उजव्या बाजूने काढायचे की डाव्या, हा निर्णय दोन-तीन सेकंद आधी घ्यायचा असतो. एकच डावा इंडिकेटर त्याला तो घेऊ देतो. पूर्ण थांबल्यावर चारही लावले तर हरकत नाही.

पायरी ३: डावीकडे सरका

वेग हळूहळू उतरवा. डावा आरसा पाहून, खांद्यावरून एक नजर टाकून सरका, कारण डावीकडून स्कूटर घुसवणारा असतोच. गाडी कडेला समांतर उभी करा. नाक आत आणि शेपूट रस्त्यात, अशी तिरकी गाडी उभी केली तर ॲम्ब्युलन्सला काहीच मिळत नाही. पुढच्या गाडीपासून अर्धी गाडी अंतर ठेवा, म्हणजे गरज पडली तर आणखी आत वळता येईल.

फूटपाथवर चढू नका. तिथे माणसे असतात. रस्त्याची कडा खचलेली किंवा पावसाने भुसभुशीत असेल तर चाके डांबरावरच ठेवा. आत रुतलेली कार बाहेर काढताना रस्ता दुप्पट अडतो.

थांबायला जागाच नसेल तर थांबू नका. पाटीवरच्या वेगाने, डावा इंडिकेटर चालू ठेवून, पहिली फट येईपर्यंत चालत राहा.

पायरी ४: जाऊ द्या आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहा

बंब सहसा एकटा येत नाही. मागे पाण्याचा टँकर किंवा बचाव पथकाची गाडी असते. अपघाताच्या ठिकाणी जाताना ॲम्ब्युलन्सही दोन-तीन असतात. पहिली गेली की लगेच बाहेर पडणारी कार दुसरीच्या पुढ्यात येते. आरशात पाहा, आवाज पूर्ण ओसरू द्या, उजवा इंडिकेटर द्या, मगच निघा. बसमध्ये असाल तर याच वेळी कुणी दार उघडून उतरणार नाही याकडे वाहकाने लक्ष द्यावे. कारमधल्यांनीही तसेच.

ॲम्ब्युलन्सच्या मागे लागून गर्दी कापणे हा आपल्याकडचा लाडका उद्योग. आत रुग्णावर काम चालू असते, चालकाला कधीही करकचून ब्रेक लावावा लागतो आणि मागचा सरळ तिच्या दारावर जातो.

शाळा आणि झेब्रा क्रॉसिंग

या पट्ट्यातला खरा धोका ॲम्ब्युलन्सचा नाही, थांबलेल्या गाडीचा आहे. तुम्ही तिच्यासाठी थांबता. कडेला उभ्या मुलाला वाटते, गाडी माझ्यासाठी थांबली. ते तुमच्या बॉनेटपुढून धावत निघते आणि तुमच्या उजवीकडून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सपुढे जाते. चालकाला ते दिसत नाही, मुलाला ॲम्ब्युलन्स दिसत नाही, कारण मधे तुमची गाडी आहे.

म्हणून झेब्राच्या दोन गाड्या आधीच थांबा, ऐन पट्ट्यांपाशी नको. काच खाली करून हाताचा पंजा उभा दाखवा: थांब. छोटा हॉर्न एकदा वाजवला तरी चालेल. ‘ये ये’ अशी खूण कधीही करू नका. तुमचा रस्ता मोकळा आहे म्हणजे पलीकडचाही आहे असे नाही.

स्पीड ब्रेकर

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल स्पीड ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किमीने तो आरामात ओलांडता यावा अशी त्याची रचना असते. गल्लीतले बरेचसे ब्रेकर याहून अरुंद आणि उभे असतात. मणक्याला मार लागलेला माणूस स्ट्रेचरवर असेल तर चालक ब्रेकरवर जवळजवळ थांबतोच.

तो तिथे संथ होतो म्हणून त्याला ओव्हरटेक करू नका आणि स्वतःची गाडी ब्रेकरच्या अगदी अलीकडे-पलीकडे उभी करू नका. तुम्ही तिथे असलात की त्याला वळून, तिरके चढावे लागते. एकेक चाक वेगवेगळे चढते, गाडी डावी-उजवीकडे डोलते. सरळ गेला तर पुढची दोन्ही चाके एकदम चढतात आणि हिसका कमी बसतो. ब्रेकरच्या दोन्ही बाजूंना १५-२० मीटर सरळ रस्ता मोकळा सोडा.

मेट्रोच्या कामाचे पत्रे, अरुंद मार्ग, बीआरटी

दोन्ही बाजूंना पत्रे आणि मधे एकच लेन असेल तर साईड देता येतच नाही. तिथे थांबलात की मागची सगळी रांग अडकते. पाटीवरचा वेग धरून चालत राहा, पत्रे संपल्यावर डावीकडे व्हा. खरी मदत आधीच होते: अशा लेनच्या तोंडाशी सायरन ऐकू आला तर आत शिरू नका, बाहेर थांबून ॲम्ब्युलन्सला पुढे सोडा.

पुणे-पिंपरी चिंचवडमध्ये बीआरटीची, म्हणजे बससाठी राखीव, लेन रिकामी दिसली म्हणून तिच्यात घुसू नका. ॲम्ब्युलन्स तिथूनच येऊ शकते.

सिग्नलला पुढे उभे असाल तर

लाल दिवा, तुम्ही पहिल्या रांगेत, मागे सायरन. सिग्नल तोडून चौक पार करू नका. आडव्या रस्त्यावरचे लोक हिरव्यावर येत असतात. हळूहळू डावीकडे सरका. गरज पडली तर स्टॉप लाइन एखाद-दोन फूट ओलांडा, पण झेब्रावर माणसे नाहीत हे पाहून आणि चौकाच्या आत न जाता. वाहतूक पोलीस हाताने बोलावत असेल तर त्याची खूण सिग्नलच्या वर. मग निर्धास्त निघा. अवयव नेण्यासाठी ग्रीन कॉरिडॉर असेल तेव्हा पोलीस आधीच रस्ता थांबवतात, तुम्ही फक्त थांबायचे.

घाट

सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा कोकणातून कोल्हापूर, साताऱ्याकडे जाणाऱ्या रुग्णांना घाट किंवा वळणावळणाचा दुपदरी रस्ता चुकत नाही. तिथे वळणावर थांबणे सर्वात वाईट: ॲम्ब्युलन्स तुम्हाला ओलांडायला उजवीकडे जाते आणि समोरून येणारा ट्रक तिला शेवटच्या क्षणी दिसतो. वळण पार करा, समोरचा सरळ तुकडा दिसला की डावीकडे होऊन वेग उतरवा. समोरून कुणी येत असेल तर आधी त्याला जाऊ द्या आणि मगच ॲम्ब्युलन्सला मोकळे करा. ‘पुढे जा’ असा हात दाखवण्याआधी समोर पाहिलेले असले पाहिजे.

लोड भरलेल्या ट्रकने चढावर पूर्ण थांबू नये. पुन्हा उचलायला वेळ लागतो, मागे घरंगळायचीही भीती असते. डावी कड धरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहणेच बरे. उतारावर गिअर न्यूट्रल करून बाजूला व्हायचा प्रयत्न तर अजिबात नको. दरीच्या बाजूला कठडा नसेल, तर तुमची चाके पांढऱ्या पट्टीच्या आतच राहू द्या.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या घाटात कारसाठी ताशी ६० ची मर्यादा आहे. तिथे कोंडी झाली की लोक सर्वात डावीकडच्या कडेच्या पट्ट्यातही गाड्या घालतात आणि ॲम्ब्युलन्सची, क्रेनची एकुलती वाट बुजते. हा पट्टा सायरन ऐकू यायच्या आधीपासून रिकामा ठेवायचा असतो. जर्मनीत गाड्या मुंगीच्या गतीने चालू लागल्या की चालक सायरनची वाट न पाहता दोन लेनमध्ये मोकळी गल्ली करतात. आपल्याकडे ती शिस्त रुळलेली नाही, त्यामुळे कडेचा पट्टा सोडणे एवढेच हाती राहते.

सायरन नसेल तर

दिवे-सायरन बंद असलेली ॲम्ब्युलन्स रिकामी परतत असू शकते किंवा रुग्णाला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून तशी नेत असतील. कायद्याने तिला अग्रक्रम नाही, पण तिच्यापुढे अडून बसण्यात तरी काय मिळवायचे? सहज जमत असेल तर सोडा.

तरीही चलान आले तर

स्टॉप लाइन ओलांडल्याचे ई-चलान येऊ शकते. २०२१ पासूनच्या नियमानुसार कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवायची असते आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ती नोंद जपायची असते. महाराष्ट्रात महाट्रॅफिक ॲपवर चलानाविरुद्ध तक्रार करता येते. तक्रारीत चौकाचे नाव, तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि ॲम्ब्युलन्स कोणत्या दिशेने गेली ते लिहा. डॅशकॅम असेल तर ती क्लिप त्याच दिवशी वेगळी काढून ठेवा, कारण बहुतेक डॅशकॅम कार्ड भरले की जुने चित्रण पुसून टाकतात. मात्र चलान वेगमर्यादा ओलांडल्याचे असेल, तर साईड देत होतो या कारणाला फारसा आधार नाही. साईड द्यायला वेग वाढवावा लागत नाही.