तंबोरा विरतो तिथं: लिमिटर, डिदर आणि नॉइज शेपिंग

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून चालत पाच मिनिटांवर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. खोली म्हणजे खोलीच; भिंतीला गाद्या, दाराला गोधडी आणि रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवायचा पंखा. इथं येणारी कामं दोन प्रकारची. एक, शास्त्रीय गाणं, ज्यात तंबोऱ्याची जोडी चालू असते आणि शेवटी ती हळूहळू विरत जाते. दुसरं, भजनी मंडळं, ज्यांना आपलं भजन गणपतीच्या मांडवात शेजारच्या मंडळापेक्षा मोठ्यानं वाजायला हवं असतं. पहिल्या कामानं मला डिदर शिकवला, म्हणजे बिट कमी करताना मुद्दाम मिसळायचा बारीक गोंगाट; दुसऱ्यानं लिमिटर, म्हणजे आवाजाला ठरलेल्या उंचीच्या वर जाऊ न देणारा पहारेकरी.

गेल्या हिवाळ्यात एका गायिकेच्या चार बंदिशी केल्या. मास्टर, म्हणजे शेवटची पक्की प्रत, तयार झाला, १६ बिटची फाइल निघाली. मग फोन आला, ‘शेवटचा तंबोरा जरा लांबवा ना, पटकन संपतोय.’ मी आळस केला. मूळ प्रोजेक्ट उघडायच्या ऐवजी तयार १६ बिट फाइलवरच १२ सेकंदांचा फेड ओढला, म्हणजे आवाज हळूहळू शून्यावर नेला, सेव्ह केलं, सीडी जाळली आणि ज्यांनी ती जोडी बनवली होती त्या काकांना नेऊन दिली. काकांच्या दुकानात अजून सीडी प्लेअर आहे. आणि त्यांची एक खोड आहे, जी मला तेव्हा माहीत नव्हती. गाणं संपत आलं की ते आवाजाचं बटण पार फिरवतात, जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला येणारी झणझण, कशी सुटतीय ते ऐकायला. ऐकलं आणि म्हणाले, ‘बाळा, शेवटाला घोडीवर वाळू सांडलीया का रं?’

वाळूच होती. ती कुठून आली ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

१६ बिट म्हणजे आवाजाच्या उंचीला ६५,५३६ पायऱ्या. ऐकायला भरपूर वाटतात, पण त्या मोठ्या आवाजाच्या वाट्याला येतात. प्रत्येक ६ डेसिबल खाली उतरलात की पायऱ्या निम्म्या. फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज म्हणजे शून्य डेसिबल, बाकी सगळं त्याच्या खाली, उण्यात. तंबोरा विरत विरत उणे ९० डेसिबलपाशी आला की हातात तीनच पायऱ्या उरतात: एक वरची, शून्य आणि एक खालची. जवारीतून निघणारी ती स्वरांची पिसारा फुलवणारी लाट या तीन पायऱ्यांवर बसवायची, म्हणजे तिचे चौकोनी ठोकळे होणार. ही चूक सुराला चिकटून येते, सूर हलला की तीही हलते, म्हणून कानाला ती खरखर म्हणून कळते. साधी एकसारखी सुसकारी असती तर कुणी लक्षही दिलं नसतं.

किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. सुटे पैसे नाहीत, म्हणून १० रुपये ४० पैशांचं प्रत्येक बिल दुकानदार १० रुपये धरतो. दहा गिऱ्हाइकांमागे चार रुपये कायमचे गेले. आता त्यानं डब्यात दहा चिठ्ठ्या ठेवल्या, चारांवर फुली. फुलीची निघाली तर ११ घ्यायचे, कोरी निघाली तर १०. प्रत्येक बिल थोडं चुकीचंच, पण दिवसअखेर गल्ल्यात सरासरी बरोबर ४० पैसेच जमा. डिदर म्हणजे हा चिठ्ठ्यांचा डबा. बिट कमी करण्याच्या ऐन क्षणी आवाजात अगदी बारीक यादृच्छिक गोंगाट मिसळायचा. मग पायरीपेक्षा लहान सूरही गोंगाटाच्या आत जिवंत राहतो.

विश्वास बसत नसेल तर करून बघा. २४ बिटच्या प्रोजेक्टमध्ये ४०० हर्ट्झचा साधा सूर उणे १०० डेसिबलवर ठेवा. एकदा डिदर न करता १६ बिटला रेंडर करा, म्हणजे फाइल काढा, एकदा डिदर करून. दोन्ही फाइली परत आत आणा आणि ६० डेसिबलनं वाढवा. (हेडफोन आधी गळ्यात घ्या, कानावर नको. मी एकदा कानावर ठेवून केलंय.) सॉफ्टवेअर जवळच्या पायरीला आकडा बसवत असेल तर पहिल्या फाइलमध्ये काहीच नाही, कोरी शांतता. दुसरीत पावसाच्या सरीसारखा आवाज आणि त्यामागे तो सूर, स्पष्ट. मग सूर उणे ८५ वर आणून हेच करा. आता पहिल्या फाइलमध्येही सूर आहे, पण काकांची वाळू घेऊन.

डिदरचे प्रकार विचारतात तेव्हा ‘ट्रँग्युलर’ निवडा आणि पुढं चला. त्याचं नाव कुठं कुठं टीपीडीएफ असंही लिहिलेलं असतं. कारण हवं असेल तर सारीपाटाचे फासे आठवा. एकाच फाशानं चिठ्ठी काढली तर सरासरी बरोबर येते, पण मागचा गोंगाट सुराबरोबर वरखाली श्वास घेतो. दोन फाशांची बेरीज घेतली तर मधले आकडे जास्त पडतात, टोकाचे कमी, आणि गोंगाट एका पातळीवर स्थिर बसतो. किंमत म्हणून गोंगाट जेमतेम पावणेपाच डेसिबलनं वाढतो. उणे ९८ च्या ऐवजी उणे ९३. मिरज जंक्शनच्या शिट्ट्या ज्याच्या खोलीत येतात त्यानं याची काळजी करू नये.

इथं एक शंका रास्त आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीची घरघर आधीच उणे ६० ला आहे, तोच डिदर झाला की! खरंय, बऱ्याच अंशी होतो. म्हणूनच भजनाच्या मधोमध डिदर केला काय न केला काय, फरक ऐकून सांगणारा मला अजून भेटला नाही. पण फेड ओढलात की तंबोऱ्याबरोबर ती घरघरही विरते. जिथं गोंगाटाची गरज पडते तिथंच तो संपलेला असतो. म्हणजे फेड आधी, डिदर नंतर. डिदर झालेल्या फाइलवर फेड ओढणं म्हणजे रंग वाळल्यावर भिंत घासणं, आणि मी नेमकं तेच केलं होतं.

नॉइज शेपिंगकडे येऊ. परत तोच दुकानदार, पण आता त्याच्याकडे वही आहे. पहिल्या बिलात ४० पैसे सोडले तर तो ते वहीत लिहितो आणि पुढच्या बिलात धरतो. तिथं जास्त घेतले गेले तर त्याच्या पुढच्यात वजा. प्रत्येक सॅम्पलची, म्हणजे आवाजाच्या एकेका मोजलेल्या ठिपक्याची, चूक पुढच्यावर ढकलली की चूक भराभर उलटसुलट होते, म्हणजे तिचा आवाज बारीक, उंच पट्टीत जातो. आपला कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सर्वांत तिखट असतो. १५ च्या वर बहुतेकांचा कान हळूहळू हात टेकतो. गोंगाट तिखट भागातून काढून त्या वरच्या माळ्यावर टाकायचा, एवढंच काम. माळ्यावर टाकल्यानं पसारा कमी होत नाही हे मात्र ध्यानात ठेवा. मोजमापात एकूण गोंगाट उलट वाढतो, फक्त दिसेनासा होतो.

त्यामुळे मी जोरदार शेपिंग एकाच ठिकाणी वापरतो: ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल), १६ बिट, सीडीसाठी, शांत गाणं आणि यापुढं फाइलला कुणी हात लावणार नाही याची खात्री. भजन, लेझीम, ढोल यांना साधा ट्रँग्युलर पुरे. २४ बिटला शेपिंग बंदच. तिथली तळपातळी उणे १४४ च्या आसपास, कुणासाठी घासूनपुसून ठेवायची? आणि फाइल एमपी३ होणार असेल तर शेपिंग वायाच जातं. १२८ केबीपीएसला एन्कोडर बहुधा १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापूनच टाकतो, मग आपण माळ्यावर रचून ठेवलेलं कशाला. ऑनलाइन द्यायचं असेल तेव्हा २४ बिटची वेव्ह फाइल द्या, पुढचं त्यांचं ते बघतील.

लिमिटर या सगळ्याच्या आधी येतो, पण मी नंतर लिहितोय कारण त्याच्यावर लोक नको इतका वेळ घालवतात. आमच्याकडं पावसाळ्यात कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीकर आयर्विन पुलाचे फूट मोजायला लागतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. धरणापासून पुलापर्यंत पाणी यायला वेळ लागतो, तेवढ्यात खालच्या घरातलं सामान वर जातं. लिमिटरमधला लुकअहेड हाच तो वेळ, फक्त काही मिलिसेकंदांचा. ठोका येतोय हे आधी कळतं, म्हणून आवाज झटका न देता खाली घेता येतो. सीलिंग म्हणजे पुलावरची खूण. ती उणे १ डेसिबलवर ठेवा आणि ट्रू पीक चालू करा.

ट्रू पीक का, तर टाळांसाठी. कॉम्प्युटर सॅम्पलचे ठिपके मोजतो, पण स्पीकरमधून बाहेर पडते ती ठिपक्यांमधून जाणारी रेघ, आणि ती दोन ठिपक्यांच्या मधे वर उसळू शकते. ११ किलोहर्ट्झच्या सुराला ही उसळी ३ डेसिबलपर्यंत जाते, आणि टाळांचा झणकार त्याच भागात भरलेला असतो. मीटरवर सगळं शून्याच्या आत आणि मोबाइलवर टाळ फुटतायत, असं झालं तर हेच कारण.

आता पखवाज. एका मंडळाचं काम मी बिघडवलं होतं. थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर लिमिटर दाबायला लागतो ती पातळी, खाली ओढत ओढत ८ डेसिबलपर्यंत दाबलं, बुवा खूश, मी खूश. घरी बायकोनं स्वयंपाक करता करता ऐकलं आणि विचारलं, ‘प्रत्येक धा ला ते बुवा खाली का बसतात?’ पखवाजाचा धा आला की लिमिटर सगळंच दाबत होता, बुवांचा आवाज आणि टाळ त्याच्याबरोबर खाली, मग परत वर. तेव्हापासून रीत अशी. मिक्समध्येच पखवाजाच्या ट्रॅकवर जाऊन वेडे ठोके एकेक करून हातानं ३-४ डेसिबल खाली घ्यायचे. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जातो. मग लिमिटरला फक्त सर्वांत जोराच्या ठोक्यांवर २ ते ३ डेसिबल काम उरतं. रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर यायला लागणारा वेळ, १०० मिलिसेकंदांपासून सुरू करून लयीप्रमाणे बदलायचा: फार कमी केला तर खर्ज फाटतो, फार वाढवला तर बुवा बसतात. आणि तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर मोठं तेच कानाला चांगलं वाटतं.

मंडळाला पटवायला एक युक्ती आहे. स्पॉटिफाय गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, यूट्यूबही जास्त मोठं असेल ते खाली घेतं. म्हणजे दाबून उणे ८ चं केलेलं भजन तिथं ६ डेसिबल खाली येणार आणि चेपलेलं ते चेपलेलंच राहणार. दोन्ही फाइली उणे १४ ला आणून बुवांना ऐकवतो, ते स्वतःच न दाबलेली निवडतात. शास्त्रीय गाण्याला मी उणे १८ वरही थांबतो. मांडवातल्या स्पीकरचा प्रश्न उरतो, तर तिथं ॲम्प्लिफायरला बटण असतं.

तर माझ्या प्रोजेक्टमध्ये क्रम असा लागतो: इक्वलायझर, फेड, सॅम्पल रेट बदलायचा असेल तर तो, मग लिमिटर, आणि सगळ्यात शेवटी डिदर, एकदाच. रेट बदलताना पीक, म्हणजे आवाजाची शिखरं, हलतात म्हणून तो लिमिटरच्या आधी. डिदर प्लगइनमध्ये चालू असेल तर रेंडरच्या खिडकीतली खूण काढा, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तिथंच असते. दोन्हीकडं राहिली की गोंगाट दुप्पट. मधल्या सगळ्या फाइली ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे आकडे जास्त बारकाईनं साठवणाऱ्या पद्धतीत, ठेवा. आणि १६ बिटच्या फाइलच्या नावात मी आता ‘हात_लावू_नये’ असं लिहितो, स्वतःसाठीच.

त्या गायिकेचं काम मूळ प्रोजेक्टमधून परत काढलं. १२ सेकंदांचा फेड, मग लिमिटर, जो तिथं झोपलेलाच होता, मग डिदर आणि शेपिंग. नवी सीडी काकांकडं नेली. त्यांनी शेवटाला बटण पार फिरवलं, डोळे मिटले, जोडी विरेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘वाळू गेली. पण खर्जाची तार उतरलीया बघ, दुसऱ्या तंबोऱ्याची.’

परत लावून ऐकलं. उतरली होती.