डॉक्टरांना नुसतं ‘अ‍ॅसिडिटी’ सांगू नका

माझा आजार ओळखला तो दातांच्या डॉक्टरांनी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात रूट कॅनलला गेले होते. त्यांनी छोटा आरसा वरच्या दातांच्या मागून फिरवला, थांबले, असिस्टंटला बाहेर पाठवलं आणि हळूच विचारलं, “उलट्या होतात, की करता?” अठरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तोंडात कापूस होता. दुसऱ्या शब्दाला मान हलवली.

मी पतसंस्थेत कॅशियर, वय ४३. आजाराचं नाव बुलिमिया. भरमसाट खायचं, ते बाहेर काढायचं, मग लाज, मग परत तेच. यात वजन बरेचदा चारचौघींसारखंच असतं, त्यामुळं घरात कुणाला पत्ता लागत नाही. त्यात आपलं गाव. “अजून घे की” म्हणत पांढरा रस्सा वाढणार, आणि शुक्रवारचा उपास धरला की कौतुकही करणार. माझी दोन्ही टोकं आपसूक झाकली गेली.

इतका जुना आजार, आता काय उपयोग, असं म्हणत मी त्यानंतरही दीड वर्ष घालवलं. तुम्ही घालवू नका. जुन्या आजारालाही उपचार आहेत.

फॅमिली डॉक्टरांकडं मी दर दोन महिन्यांनी ‘अ‍ॅसिडिटी’ घेऊन जायचे, ते गोळ्या द्यायचे. त्यांनी एकदाही पुढचं काही विचारलं नाही, याचा राग अजून आहे. पण खरं मीही सांगितलं नव्हतं. म्हणून चिठ्ठी न्या. मी संस्थेच्या कोऱ्या स्लिपमागं लिहिली होती: किती वर्षं, आठवड्यातून किती वेळा, कुठल्या गोळ्या चोरून घेते (जुलाबाच्या, वजनाच्या, सगळ्या), पाळी कशी येते, चक्कर येते का. डॉक्टरांसमोर बसल्यावर माझा आवाजच फुटला नाही. चिठ्ठी टेबलावरून पुढं सरकवली. काऊंटरवर रोज सरकवते तशी.

जायचं आधी मानसोपचारतज्ज्ञांकडं. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, केस पेपर काढताना खिडकीवर ‘मानसोपचार’ एवढंच सांगायचं, बाकीचं आत. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती होती, आणि भेटलंच. आमच्या एक खातेदार मावशी. “काय गं, इकडं कुठं?” मी म्हटलं, “झोप लागत नाही.” त्या म्हणाल्या, “मला पण.” आणि सरकून बाकावर जागा दिली.

खासगीत जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, खाण्याच्या विकारांचे पेशंट बघता का. कुणाकडंच जायचं धाडस होत नसेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंधनकारक आहे. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारही धरायचा आहे. मात्र ओपीडीचा खर्च मिळतो का, ते पॉलिसीत वाचून घ्या. वजन घटवून देणाऱ्या डाएटवाल्यांच्या पायऱ्या मात्र चढू नका. मी चढले होते आणि दुपटीनं बिघडून उतरले.

पहिल्याच भेटीत रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी झालाच पाहिजे. डॉक्टर विसरले तर तुम्ही मागा. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दिसायला धडधाकट असला तरी. माझं कमी निघालं, त्याच दिवशी औषध सुरू झालं. चक्कर येऊन पडलात, छातीत धडधड थांबेना, उलटीत रक्त दिसलं किंवा जीव द्यावासा वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा. आणि ज्यांनी बरेच दिवस जवळजवळ काही खाल्लेलं नाही, त्यांनी घरच्या घरी एकदम भरपूर खायला लागू नये. रक्तातलं फॉस्फरस झपकन उतरून जिवावर बेततं. ती सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवी.

मला वाटलं होतं, खाणं कमी करायला सांगतील. झालं उलटंच. वेळेवर तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काहीतरी, भूक असो नसो. उपाशी राहिलं की संध्याकाळी पिसाळल्यासारखं खाणं होतं, म्हणून. आठवड्याला एक अशी समुपदेशनाची वीसेक सत्रं, घरी खाण्याची नोंद ठेवायला वही, आणि जोडीला डॉक्टरांनी दिलेली फ्लुओक्सेटिन नावाची गोळी. गोळीनं चार दिवसांत काही होत नाही, म्हणून सोडू नका. वजन करताना काट्याकडं पाठ करून उभी राहते. आकडा डॉक्टरांनी बघायचा. उलटी झालीच तर लगेच ब्रश करायचा नाही, नुसत्या पाण्यानं चुळा भरायच्या, हे दातांच्या डॉक्टरांचं.

उपास बंद. हे घरात सांगणं सीपीआरच्या रांगेपेक्षा अवघड गेलं. नवरात्रात तर फारच. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, “अंबाबाईला मी सांगते, तू जेव.”

अधूनमधून घसरते अजून. मोठ्या समारंभानंतर हमखास. तेव्हा पुढचं जेवण चुकवायचं नाही, एवढंच पाळते, आणि वहीत लिहिते.

एका माणसाला मात्र सगळं माहीत पाहिजे. मी जाऊबाईंना सांगितलं. जेवल्यानंतरचा पहिला तास मला सगळ्यात जड जातो, म्हणून त्या मला उठू देत नाहीत, समोर भाजी निवडायला बसवतात. परवा मेथी लवकर संपली. मी मोरीकडं बघितलं. त्यांनी काही न बोलता शेंगांचं पोतं ओढून माझ्या पुढ्यात उपडं केलं.